शेवटच्या केळीपर्यंत

वटारपासून विरारपर्यंत भूमितीशी शेजारणीसारख्या गप्पा मारणारी बाई एकच, आणि ती माझ्या मित्राची मावशी. अभ्यासाला घाबरणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत, मी स्वतः त्यांचा म्होरक्या होतो. पण पन्नाशी उलटल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारी, आणि पुस्तक उघडताना लग्नाला निघाल्यासारखी खूश दिसणारी व्यक्ती दुसरी भेटली नाही. लग्न न करता ती वडिलांच्या केळीच्या वाडीतच राहिली होती. गावातल्या बायका विचारायच्या, "आता दहावी करून कुठे नोकरीला लागनार काय?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: "नोकरी कशाला? पुढे काय होतं ते बघायचंय मला." जसा काही मालिकेचा एक भाग बघायचा राहिला होता.

मी तेव्हा बारावीला आपटून चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमध्ये पुन्हा परीक्षेची तयारी करत होतो. खरं तर तयारीची तयारी. चार रंगांत वेळापत्रक काढायचं, टेबल खिडकीजवळ सरकवायचं, उजेड डोळ्यावर येतो म्हणून परत भिंतीकडे न्यायचं, आणि 'अभ्यासात मन कसं लावावं' याचे व्हिडिओ जेवणाची वेळ होईपर्यंत मन लावून पाहायचे. शेवटी आईने मला मित्राबरोबर त्याच्या मावशीकडे धाडलं. मावशीने माझं वेळापत्रक हातात घेऊन कौतुकाने न्याहाळलं आणि म्हणाली, "छान काढलंस रे पोरा. आनि अभ्यास कधी?"

तिचा अभ्यास घड्याळावर नव्हता, पाण्यावर होता. वाडीच्या कडेला बावखल, म्हणजे जुनं गोड्या पाण्याचं तळं होतं, आणि तिथल्या सामाईक पंपाने भावकीला पाळीपाळीने पाणी मिळायचं. मावशीची पाळी दर चौथ्या दिवशी. केळीच्या सरीत पाणी सोडलं की ती पहिल्या केळीखाली पुस्तक उघडायची. पाणी शेवटच्या केळीला पोचलं की पुस्तक मिटायचं, फावड्याने एका सरीचं तोंड बुजवून दुसरीचं उघडायचं आणि पुढचा धडा घ्यायचा. बाकीच्या दिवशी ती नुसती सरीच्या कडेने पाण्याच्या चालीने चालत पाठ करायची. मी पहिल्या दिवशी हसलो. तिसऱ्या पाळीला लक्षात आलं की पाणी पोचेपर्यंत मी एकदाही मोबाइल काढला नव्हता.

तिच्या घरात खोडरबर नव्हतं. "चूक खोडली तर उद्या तिला ओळखनार कशी?" असं ती विचारायची. चुकलेलं गणित आणि न बसणारं सूत्र ती कागदावर लिहून केळीच्या सोपटाने, म्हणजे वाळक्या सालीच्या दोरीने, झाडाला बांधायची, त्यामुळे अर्धी वाडी गणिताची आणि अर्धी विज्ञानाची झाली होती. वर्गसमीकरण म्हटलं की तिला वाकडी केळ दिसायची. एकदा माझ्या मित्राने दुसऱ्या एका केळीचा घड उतरवून रिवाजाप्रमाणे ती केळ तोडून टाकली, तर मावशी ओट्यावरून ओरडली, "अरे मेल्या, शंकूचं घनफळ तोडलंस!" आणि खरोखरच आठवडाभर तिला ते सूत्र आठवेना. केळी न्यायला आलेल्या व्यापाऱ्यालाही आधी झाडं अन्न कसं तयार करतात ते ऐकावं लागायचं. दराची बोलणी त्यानंतर. "त्याला समजलं तर मला समजलं," ती म्हणायची. त्याला समजलं होतं की नाही कोण जाणे, पण मान तो जोरात हलवायचा.

मग जानेवारीत एक दिवस आरडाओरडा झाला. मावशीचं पाणी बांध फोडून तिच्या चुलतभावाच्या पालकाच्या वाफ्यात शिरलं होतं. तो तावातावाने बोलत होता आणि ही घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून म्हणत होती, "आलं! उत्तर आलं!" तो पाय आपटत गेल्यावर मात्र ती फावडं घेऊन बांध बुजवू लागली. म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा पानी विसरले मी."

तेव्हा तिने सांगितलं. शाळेत असताना ती दहावीला होती, गणिताचा पेपर होता आणि नेमकी त्याच दिवशी पाण्याची पाळी होती. बापूस तापाने पडलेला, केळीची लावणी नवी. तो म्हणाला, पेपर पुढच्या वर्षी परत येईल, जळलेली केळ येनार नाय. ती पाणी वळवत राहिली, आणि पुढचं वर्ष काही आलंच नाही. ऐकून मला माझ्या चार रंगांची लाज वाटली.

मार्चमध्ये परीक्षा आली. गणिताचा पेपर पाळीच्या दिवशीच! मित्राला ऑफिसातून रजा मिळेना, आणि पालकवाला भाऊ पाळी बदलायला तयार होईना. नव्या लावणीची केळी उन्हाने माना टाकू लागली होती. आदल्या संध्याकाळी मावशी हॉलतिकीट पिशवीत भरून परत काढत होती. "जाऊ दे," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

"मावशी, मी वळवतो पाणी. तुम्ही जा," मी म्हणालो. तिने माझ्या हातांकडे अविश्वासाने पाहिलं, पण गेली.

मी दोन सऱ्या बुडवल्या, एकदा चिखलात बसलो, पण एकही केळ कोरडी ठेवली नाही. दुपारी ती फाटकातून शिरताच म्हणाली, "पोचलं काय शेवटच्या केळीला?" मी मान हलवली. मग तिथेच बसून ती हसायला लागली. "शंकू आलेला! ती तोडलेली केळ डोळ्यासमोर आनली, तर तिच्या बुडाला कोंब फुटलेला दिसला, आनि कोंबावर सूत्र. लिहिलं मी."

गणितात तिला बेचाळीस मिळाले. मीही बारावी सुटलो.

परवा खूप दिवसांनी वाडीत गेलो. मित्राने ठिबक बसवलंय, पाणी आपापलं जातं, कुणाला उठावं लागत नाही. मावशीला ते आवडलेलं नाही. "मग किती वाचलं ते कळनार कसं?" म्हणून तिने एक सरी जुन्यासारखी ठेवली आहे. मला पहिल्या केळीखाली बसवून तिने त्या सरीत पाणी सोडलं आणि समोर बसून उत्सुकतेने विचारलं, "हां, पोचेपर्यंत सांग. सध्या काय नवीन शिकतोयस?"

मी नोकरीबद्दल सांगितलं, पगाराबद्दल सांगितलं. ती वाट बघत राहिली. शिकत असलेलं काही मला आठवेना, आणि पाणी निम्म्यावर आलं होतं.