मारुतीसमोरचा फळा

शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलं तेव्हापासून सातवीचा वर्ग मारुतीच्या देवळाच्या मंडपात भरत होता, आणि तेव्हापासूनच मुलींची हजेरी घसरली होती. कारण वर्गाच्या शेवंताबाईंना कुणी सांगायला नको होतं. दर महिन्याला एकेक मुलगी चार दिवस ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरी. सोमवारी वार्षिक परीक्षा सुरू होणार आणि शुक्रवारपासून रेश्मा आली नव्हती. वर्गात पहिली येणारी पोर.

बाई हुबळीच्या, दाजीबानपेठेतल्या कापडवाल्यांच्या घरातल्या. बावीस वर्षं बसनं ये-जा करून अळणावरजवळच्या या गावात शिकवत होत्या. शनिवारी मारुतीला तेल घातल्याशिवाय खडू हातात घ्यायच्या नाहीत. या शनिवारीही तेल घातलं, वळल्या, आणि फळ्यावर गर्भाशयाचं चित्र काढलं. पाळी म्हणजे काय, का येते, दुखलं तर काय करावं, हे मुलगे-मुली सगळ्यांना एकत्रच सांगितलं.

वर्ग सुटतो न सुटतो तोच देवस्थानचे पंच भीमरावअप्पा पायरीपाशी येऊन उभे. रेश्माचे आजोबा ते.

“बाई, समोर कोण बसलाय बघितलं काय? ब्रह्मचारी देव तो! त्याच्या डोळ्यांदेखत हे चित्र?”

बाईंनी वळून पाहिलं. फळा रोजच्या जागी होता. देवाचं तोंड त्याच्याकडं आहे हे ध्यानातच आलं नव्हतं.

“चुकलं, अप्पा. फळा फिरवायला पाहिजे होता. पण शिकवलं त्यात चूक नाही.”

“सोमवारपासून मंडप बंद. पेपर कुठं घ्यायचा ते तुमचं तुम्ही बघा.”

“देवळाबाहेरच्या कडुलिंबाच्या कट्ट्यावर घेते. पण रेश्माला पाठवा.”

“ती बाजूला बसलीय. माहीत असून विचारता?”

“माहीत आहे म्हणूनच विचारते. त्या दिवसांत मीसुद्धा मंडपात पाय ठेवत नाही. कट्ट्यावर वर्ग घेते आणि तुम्ही म्हणता, बाईंना उकडतंय. मी कधी घरी बसले काय, अप्पा?”

अप्पा वळून निघून गेले.

फळा पुसताना बाईंना स्वतःचाच राग आला. एवढे महिने कट्टा आपल्यापुरता वापरला; पोरींसाठी रोजच तिथं बसावं हे का सुचलं नाही? रविवारी देवापुढं बसल्या, पण माळेचे मणी सारखे चुकत होते.

सोमवारी दहाला कट्ट्यावर अठरा पोरं बसली. अर्ध्या तासानंतर कुणाला घ्यायचं नाही, असा नियम. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बाईंचा एक डोळा घड्याळावर, एक वाटेवर.

“बाई, रेश्मा!” अनिकेत ओरडला.

पुढं रेश्मा, मागं तिची आई सुमन, आणि त्यांच्याही मागं अप्पा. रेश्मा चार हात लांबच थांबली.

“बाई, पेपर खाली ठेवा. मी उचलून घेते.”

घरी ताटही तसंच मिळत असणार. बाई कट्ट्यावरून उतरल्या, तिच्यापर्यंत चालत गेल्या आणि पेपर तिच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. अप्पांनी ते पाहिलं. आता आवाज चढणार, असं बाईंना वाटलं.

अप्पांनी खिशातून चष्मा काढून घड्याळ बघितलं.

“पंचवीस मिनिटं गेली पोरीची,” ते म्हणाले. “शेवटी तेवढी द्या, बाई.”