खात्यावरचं नाव

हॉलंडमधली एक बाई लहान मुलांच्या कपड्यांचा छोटासा धंदा करते आणि त्या कापडावरची नक्षी मी अहमदपुरात बसून काढते. बैल, सुगरणीची घरटी, ज्वारीची कणसं. तिकडच्या बाळांच्या अंगावर आमच्या शिवारातली कणसं डुलतात याची मला मोठी गंमत वाटते. पैशाची मात्र गंमत नव्हती. तिच्या बँकेनं कापायचं, मधल्या कुठल्यातरी बँकेनं कापायचं, आमच्या बँकेनं कापायचं आणि वर युरोला भावही पडेल लावायचा. ज्यानं त्यानं हात मारून घ्यायचा, उरेल ते माझं. मी चिडायचे, पण ती मधली बँक कुठं असते हेच ठाऊक नाही, तर भांडणार कुणाशी?

मग त्या बाईनंच एक नवी सोय सुचवली. एका कंपनीनं मला तिकडचा खाते क्रमांक दिला. बाईनं त्यात तिच्या देशातल्या देशात पैसे भरायचे, कंपनीनं त्याचे रुपये करून माझ्या इथल्या खात्यात टाकायचे. कापणार ते थोडं, आणि आधी सांगून. मी पॅन कार्ड दाखवून नोंदणी केली. बाईनं तीन महिन्यांच्या कामाचे पैसे एकदम पाठवले आणि ते अडकले. पॅनवरचं नाव खात्यावरच्या नावाशी जुळत नाही, सात दिवसांत जुळवा, नाहीतर पैसे परत जातील, असा मेल आला.

जुळणार कसं? पॅन कॉलेजात काढलेलं, माहेरच्या नावाचं. खातं लग्नानंतरचं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. नुसतं आडनाव बदलत नाही, पहिलं नावसुद्धा. माझं नवं नाव नणंदेनं ठरवलं होतं, तिच्या भावाच्या नावाला शोभेल असं. मीही तेव्हा हसले होते. नाव वाईट नाही. पण त्यानंतर जुन्या नावानं हाक मारायचे ते फक्त नायगावचे माझे वडील. ते गेल्यावर ते नाव त्या परदेशी बाईच्याच तोंडी उरलं, कारण चित्रांखाली मी तेच लिहिते. खात्यावरचं नाव माझ्या सासूचं असावं, असं ती बिचारी कितीतरी दिवस समजत होती.

माझ्या नवऱ्याचं मार्केट यार्डाजवळ फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या लेखी यात अडचणच नव्हती.

"पॅनवर आपल्या घरचं नाव टाकून देऊ की. लई सोपं हाय," ते म्हणाले.

सोपं होतंच. मी फॉर्म उघडलासुद्धा, पण हात पुढं चालेना. तेवढं एक राहू द्या, खात्यावरचंच बदलू, असं मी त्यांना सांगितलं. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी ते दुकान बंद ठेवून माझ्यासोबत बँकेत आले.

साहेबांनी पॅन, पासबुक आणि लग्नाचा दाखला शेजारी शेजारी ठेवून पाहिला.

"ह्या तर दोन बाया झाल्या की," ते नवऱ्याकडे बघून म्हणाले. "खात्यावर कोणतं नाव ठेवायचं, बोला."

अशा जागी नेहमी नवराच बोलतो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "तिलाच इचारा."

लग्नाच्या सोळा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं, पण इतक्या हळू की साहेबांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. माझा आवाज फुटेना, तेव्हा नवऱ्यानं सांगितलं. माझं माहेरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कुठंही न अडखळता. मी तर समजत होते, ते नाव ते कधीचेच विसरले असतील.

पैसे सहाव्या दिवशी जमा झाले, जवळजवळ पुरते. पण मी त्याआधीच, बँकेच्या पायऱ्यांवर, मनसोक्त रडून घेतलं होतं.