पेडलखालचा ठोकळा

गॅरेजमध्ये माझ्या थोरल्या भावाला सगळे ‘ठोकळेबुवा’ म्हणायचे. तो पाठमोरा असला की मीसुद्धा. का? तर ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा पेडल दाबून काढताना तो पेडलखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा. “जुन्या गाडीचं पेडल तळाला नेऊ नकोस रे,” दादा बजावायचा. “मास्टर सिलिंडरमधलं ऑइल ढकलणारं रबर एरवी जिथं जात नाही, तिथं गंज असतो. घासलं की फाटलंच.” एकोणीस वर्षं हेच पालुपद! कान किटले होते माझे.

शाळेतल्या एका बाईंची जुनी गाडी सर्व्हिसिंगला आली. ठोकळा दादाच्या खोक्यात होता. कोण उठतंय? मी पेडल दणादण तळापर्यंत दाबून हवा काढली, नवं ब्रेक ऑइल भरलं आणि गाडी दिली.

आठवड्यात बाई परत आल्या. ब्रेकचा लाल दिवा लागलेला, बाटलीतलं ऑइल खाली गेलेलं. मी चारही चाकं पाहिली, पाइप पाहिले, फरशी पाहिली. सगळं कोरडं. “काही नाही बाई, थोडी हवा राहिली असेल,” असं ठोकून दिलं आणि वरून ऑइल भरलं. दादाला विचारायला हवं होतं. पण मी नुकताच हेड मेकॅनिक झालो होतो ना, त्याला कसा विचारणार?

तिसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. उतारावर पेडल आत गेलं ते गेलंच आणि गाडी भिंतीवर आदळली. बाईंच्या मुलीचा हात मोडला.

दादानं कोणाला न विचारता मास्टर सिलिंडरचे नट खोलले, तो पुढे ओढला आणि मागच्या बूस्टरच्या डब्यात बोट घातलं. फाटलेल्या रबरातून मागे झिरपलेलं ऑइल सगळं तिथं साठलेलं. फरशीवर थेंब दिसणार कसा?

तेवढ्यात मालक आले. दादाचे हात ऑइलनं माखलेले, आणि जॉब कार्डावर नुसतं आडनाव. ते आम्हा दोघांचं एकच.

“चष्मा लागला तेव्हाच म्हटलं होतं मी!” मालक दादावर कडाडले. “उद्यापासून येऊ नका.”

“या गाडीचं काम मी केलं नाही.”

“मग कोणी केलं?”

दादानं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेणं त्याच्या जिवावर आलं होतं. मी आपणहून बोलेन म्हणून तो थांबला, चांगला थांबला. मी खाली वाकून पाना शोधायला लागलो. पाना माझ्या हातातच होता.

दादा काम सोडून गेला. वहिनी अजून हसून बोलते, म्हणजे त्यानं घरीही काही सांगितलेलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटते हो, पण मालकांकडे जायला पाय उचलत नाही.

ठोकळा तो इथंच ठेवून गेला. आता मी न चुकता वापरतो. परवा नव्या मेकॅनिकनं विचारलं, “हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“माझीच युक्ती,” मी म्हणालो.