आरशाचा कॅमेरा

मंगळवार पेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी कामाला होतो. पोलिसांसाठी मढ्यांचे फोटो काढणारा एकजण कॅमेरा बदलायला आला. नुकताच आलेला बिनआरशाचा हलका कॅमेरा मी ऐटीत पुढं केला. त्यानं मढ्यापुढच्या सवयीनं आधी चपला काढल्या, मगच डोळा लावून बटण दाबलं. काढलेला फोटो तसाच डोळ्यापुढं थांबला. त्यानं कॅमेरा चटकन खाली ठेवला आणि आरशाचा जड डीएसएलआर उचलला. बटण दाबताच आतला आरसा खटकन हलला.

"ह्योच द्या, पावणं."

"अहो, त्या नव्यात फोटो लगेच दिसतोय की!"

"म्हणून तर नगं. ह्यात बटण दाबलं की आरसा वर जातोय, डोळ्यापुढं अंधार हुतोय. तेवढा वेळ तरी बघावं लागत न्हाय."

त्या दिवसापर्यंत तो अंधार मी गिऱ्हाइकांना डीएसएलआरचा दोष म्हणून सांगत होतो.