अर्थ विचारणारा टाइपिस्ट

सोमवारी सकाळी सात वाजता आपल्या गिरणीनं रीलिंग खात्यातल्या एकवीस बायकांचे अंगठे एका इंग्रजी कागदावर घेतले. चार दिवसांचा ले-ऑफ, म्हणजे तात्पुरतं काम बंद आहे, एवढंच त्यांना सांगितलं.

तो कागद टाइप करणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. नागपूरच्या कोर्टाबाहेर बसतो. इंग्रजी शब्दाचा अर्थ गिऱ्हाइकाकडून वदवून घेतल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. "लीज म्हणजे काय गा, सांग पहिले! दुकान तुहं होत नाही, समजलं का?" लोक चिडतात, पण सांगतात.

या वेळी गिऱ्हाईक गिरणीचा मॅनेजर होता. त्याला अर्थ पक्का ठाऊक होता. काल टाइपिस्टानं मला हाक मारली, इकडेतिकडे पाहिलं आणि कार्बन कॉपी माझ्या खिशात कोंबली.

"रिट्रेंचमेंट लिवलं हाये याच्यात. म्हणजे नोकरी गेली, कायमची. बायकाईले पुसाले पाहिजे होतं मी. आता धंदा गेला तं गेला."

मी त्याला रागावणार होतो. पण आधी ही कॉपी तुमच्यापर्यंत आणली.

उद्या सातला वाइंडिंग खात्यातल्या बायकांचे अंगठे अशाच कागदावर घेणार आहेत. तुम्ही सगळे कामगार साडेसहालाच गिरणीच्या फाटकावर या आणि एकीचाही अंगठा लागू देऊ नका.