मनीचं झाड

झाडाला जीव लावणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण झाडाच्या धाकात राहणारा माणूस अख्ख्या अलिबाग तालुक्यात एकच, आमचे धाकटे मामा. जन्मभर भातशेती केलेला हा माणूस. बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं तरी विडी विझवायचा नाही. तोच आता खिडकीतल्या वीतभर कुंडीपुढे चपला काढून उभा राहतो. झालं असं, की त्यांची मुलगी मनीषा, म्हणजे घरची मनी, लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि गेल्या दिवाळीला येताना एक झाड घेऊन आली. पाच खोडं एकमेकांत गुंफलेली, वर पंजासारखी पानं. "बाबा, हे मनी ट्री," ती म्हणाली. तेव्हापासून मामा गावभर सांगत सुटले, "आमच्या मनीचं झाड हाय." गावाला वाटलं, म्हाताऱ्याला पैशाचं याड लागलं.

मामांना झाड म्हटलं की भात आठवतो, आणि भात म्हटलं की घोट्याभर पाणी. मनी "कमी पाणी घाला" सांगून गेली होती, तरी यांनी कुंडीखालच्या बशीला चिखलाचा बांध घालून पाणी तुंबवलं. पानं पिवळी पडली तर मला म्हणतात कसे, "घाबरू नको भाच्या, पिकतंय." पिकता पिकता निम्मी पानं गळली आणि नेमका मनीचा फोन आला, "गणपतीला येतेय, झाड बघायचंय मला." त्या दिवशी ताटात त्यांचा आवडता मासा, जिताडं होतं, मामांनी काट्यासकट परत सारलं.

मी त्यांना कुंडीसकट स्कूटरवर बसवून नर्सरीत नेलं. नर्सरीवाला म्हणाला, "काका, मुळं कुजायला लागलीत. दोन बोटं माती सुकल्याशिवाय थेंब द्यायचा नाही." मग काय, मामा सवयीने तांब्या भरून खिडकीपर्यंत जायचे, मातीत बोट घालायचे, आणि ओली लागली की सगळं पाणी स्वतःच प्यायचे. महिनाभरात झाडाला कोंब फुटला आणि मामांना डायबेटिस तर नाही ना, म्हणून मामी काळजीत.

गणपतीच्या आदल्या दिवशी मामा झाडाच्या गुंफलेल्या खोडाला लाल रिबीन बांधत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, मनी म्हणजे इंग्रजीत पैसा. हे पैशाचं झाड आहे."

"ठावं हाय मला," ते गाठ मारत म्हणाले. "पन पैशाला येनी कोन घालतं रं?"

मामी पहाटेच भाजीची पाटी घेऊन बाजाराला जायची, तेव्हा शाळेसाठी मनीची वेणी मामाच घालायचे. हे मी विसरलोच होतो.

दुसऱ्या दिवशी मनी आली. झाड बघून नाचली, मामांच्या गळ्यातच पडली. केस तिने मानेपर्यंत कापले होते. मामा बघत राहिले. खिडकीशी गेले आणि झाडाची रिबीन सोडून पुन्हा नीट बांधली.