दिगूकाकांच्या साहेबी खुर्च्या

खुर्च्यांच्या दुकानाची एक गंमत असते. कापडाच्या दुकानात माणूस उभ्या उभ्या तागे बघतो आणि निघतो. आमच्याकडे आलेला माणूस बसून बघायचा, आणि एकदा बसला की बोलायचाच! त्यामुळे खुर्च्या कमी खपल्या, किस्से मात्र ढीगभर जमले.

दुकान दिगूकाका मोघ्यांचं. इंदूरजवळच्या आमच्या गावात, फ्रीगंज बाजारात, टावर चौकातून आत वळलं की तिसरं. माल एकच, इंग्रजांच्या वेळच्या जेवणाच्या खुर्च्या. शिसवाच्या, सागवानाच्या, वेताच्या विणलेल्या बैठकीच्या. महूच्या लष्करी छावणीतल्या जुन्या बंगल्यांमधून यायच्या. रईसभाई सुतार त्यांचे पाय बसवायचे. कॉलेज संपवून नोकरीची वाट बघत असलेला मी पॉलिश मारायचो आणि गिऱ्हाईक सांभाळायचो. गावात नुकताच केबल टीव्ही आला होता, आणि प्रत्येकाला घरात काहीतरी नवीन हवं होतं. आम्ही जुनं विकत होतो!

* * *

इंदूरच्या एक बाई दर वर्षी यायच्या. एकदा शिसवी खुर्चीवर हात फिरवत त्यांनी विचारलं, "किती जुनी?"

"दीडशे वर्षं," दिगूकाका.

"अहो, मागच्या वर्षी हीच खुर्ची बघितली होती मी. तेव्हाही दीडशेच म्हणाला होतात!"

दिगूकाका शांतपणे म्हणाले, "ताई, एका वयानंतर वय कोण वाढवून सांगतं?"

बाईंनी खुर्ची घेतली.

* * *

दिल्लीहून एक एक्स्पोर्टवाले आले. लाकडाला कीड लागल्याची भोकं असली की परदेशात माल अस्सल जुना समजतात म्हणे. ते खिशातून भिंग काढून एकेक भोक तपासायला लागले.

"ये छेद असली हैं ना? आजकल लोग ड्रिल मशीन से बना देते हैं."

रईसभाईंनी रंधा खाली ठेवला. "साहब, ड्रिल बिजली से चलती है. और बिजली हमारे यहाँ रहती कब है? सब कीड़ों के भरोसे है!"

* * *

वॉर्डातल्या एका उगवत्या नेत्यांना ऑफिससाठी 'गोऱ्या साहेबाची' खुर्ची हवी होती. हातवाली, उंच पाठीची खुर्ची त्यांना पसंत पडली. जीपमध्ये घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर!

"ये क्या दिया, रईसभाई? बैठते ही कुर्र-कुर्र बोलती है! लोगों के सामने इज्जत जाती है."

"हुजूर, अंग्रेजी में कुछ कहती होगी. आप ध्यान मत दो."

नेते जरा विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "तो फिर रहने दो."

* * *

नदीकाठच्या रामघाटावरचे एक मराठी गुरुजी एकदा दोन खुर्च्या घेऊन गेले. विधी बघायला फॉरेनर येतात, त्यांना मांडी घालता येत नाही, म्हणून. पंधरा दिवसांनी पुन्हा आले.

"आणखी चार द्या."

मी म्हटलं, "गुरुजी, एवढे फॉरेनर आले?"

"कसले फॉरेनर रे! आपल्याच लोकांचे गुडघे विलायती झालेत!"

* * *

आणि आमच्या ओळखीतले नाना. रेल्वेतून रिटायर झालेले, सहा फूट उंच, बोलणं मोजकं. त्यांच्या मुलाने नवीन फ्लॅट घेतला, काचेचं डायनिंग टेबल आणलं आणि घरातल्या सहा जुन्या खुर्च्या आम्हाला विकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते दुकानात आले, त्यातल्याच एका खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. मग रोजच! दिगूकाका त्यांना चहा द्यायचे. ते चहा प्यायचे, बारा वाजता उठायचे.

एक अडचण होती. त्या खुर्च्यांकडे कुणी वळलं की पेपरामागून खर्जातला आवाज यायचा, "घेऊ नका. ढेकूण आहेत."

ढेकूण एकही नव्हता! पण गिऱ्हाईक जायचं. तीन महिने त्या खुर्च्या हलल्या नाहीत. मी चिडून दिगूकाकांना म्हटलं, "सांगा ना त्यांना काहीतरी!" काका म्हणाले, "तू सांग." माझीही हिंमत झाली नाही.

एके दिवशी नानांची सून आली. बँकेत होती, सुट्टी काढून आली होती. नाना तिकडे पेपर तोंडासमोर धरून बसलेले. ती माझ्याकडे वळून हलकेच म्हणाली, "काचेच्या टेबलावर नाना जेवत नाहीत हो. ताट घेऊन खाटेवर जातात. विचारलं तर म्हणतात, काही नाही." मग त्या सहातल्या एका खुर्चीवर हात ठेवून तिने मोठ्याने विचारलं, "ही खुर्ची विकायची आहे का?"

पेपरामागून लगेच आवाज आला, "घेऊ नका. ढेकूण आहेत."

"चालतील," सून म्हणाली. "आमच्या घरी सवय आहे."

रईसभाईंचा रंधा थांबला. पेपर जरासा हलला, पण खाली काही आला नाही.

मग त्यामागून आवाज आला, "मग सहाही घ्या!"